गुणग्रहण आणि गुणगौरव

दुसऱ्याचा गुण मनाने ओळखणे म्हणजे गुणग्रहण. तो योग्य वेळी वाणीने मान्य करणे म्हणजे गुणगौरव. पहिले पुष्कळांकडून घडते, दुसरे मात्र राहून जाते.

येथे अशी शंका घेतली जाते की, स्तुतीने जीवाचा अहंकार वाढतो. म्हणून विरक्ताने कोणाची प्रशंसा करूच नये. ही शंका निराधार नाही. परंतु तिचा रोख खुशामतीवर आहे. खुशामत स्वार्थापोटी होते व तीत सत्याची चाड नसते. गुणगौरव करणाऱ्यास काही मिळवावयाचे नसते. जे आहे तेवढेच तो सांगतो. शिवाय, अहंकाराच्या भयाने धरलेल्या मौनात पुष्कळदा स्वतःचाच मत्सर दडलेला असतो. साधकाने आधी त्याचा शोध घ्यावा.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी महदाइसा वारंवार प्रश्न विचारीत असत. स्वामींनी त्याचा कंटाळा केला नाही. उलट त्यांच्या जिज्ञासेची वाखाणणी केली. त्या प्रश्नांमुळेच कितीएक निरूपणे पंथास लाभली. पुढे रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी धवळे गाणाऱ्या महदाइसा मराठीच्या आद्य कवयित्री ठरल्या.

गुणगौरवाने दोष झाकले जातात, असेही कोणी म्हणेल. त्याचे समाधान भास्करभट्ट बोरीकरांच्या प्रसंगात आहे. त्यांचा ‘शिशुपाळवध’ पाहून पंथातील ज्येष्ठांनी ग्रंथ उत्तम झाल्याचे प्रथम मान्य केले. मग तो शृंगारप्रधान असल्याने निवृत्तांच्या योग्यतेचा नाही, हेही स्पष्ट सांगितले. भास्करभट्टांनी तो अभिप्राय मानला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचली. गुण मान्य करून सांगितलेला दोष ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात उतरतो. नुसता दोष दाराबाहेरच राहतो.

म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा स्वतः विद्वान असूनही ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे ते विचारीत गेले. दुसऱ्याजवळ आपणाहून अधिक काही आहे, हे कृतीने मान्य करणे हाही गुणगौरवच होय.

आज अमरावती-अकोल्याकडील आश्रमांतून पहाटे अंगण झाडणारी तपस्विनी असते, जीर्ण पोथी जपणारा भिक्षुक असतो, सुगीत पहिले धान्य आणून देणारा वासनिक असतो. त्यांची सेवा रोजची झाली म्हणून ती कोणी बोलून दाखवीत नाही. मग एके दिवशी त्यांचे देहावसान होते आणि शोकसभेत त्यांचे गुण एकामागून एक सांगितले जातात. ऐकावयास हवे होते ते मात्र तेथे नसतात.

पंथात भेटताच परस्परांस दंडवत करण्याची रीत आहे. ज्याच्यापुढे मस्तक लवते, त्याचा गुण उच्चारण्यास जिव्हेने कचरू नये. जो गुण सांगावयाचा आहे, तो त्याच्या हयातीत, त्याच्यासमोर आणि सत्य तेवढाच सांगावा.