पीक बुडाले असता आशा कोठे ठेवावी?

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आपली काळी जमीन बहुतांशी पावसावरच अवलंबून आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही पिकाच्या उपयोगी नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातील पुष्कळ लेकरे पोरकी झाली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडे आतून पोखरली. पीक जाते, कर्ज मात्र उभे राहते, आणि माणूस लाजेने दार लावून बसतो.

अशा वेळी आपण हबक्कूक संदेष्ट्याकडे पाहावे. शेत ओसाड आहे, गोठा रिकामा आहे, हे तो लपवीत नाही. प्रथम तो देवाजवळ गाऱ्हाणे करितो, आणि मग त्याच देवाच्या ठायी हर्ष मानितो. तस्मात् रडणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपला प्रभूही लाजाराच्या कबरेजवळ रडला. दरसाल पीक येईलच, असे वचन त्याने दिले नाही. मी तुम्हांबरोबर राहीन, असे दिले आहे.

परंतु ज्याचे दार बंद आहे, त्यास हे कोण सांगणार? आम्हांस वाटते की, प्रत्येक मंडळीतील दोघांनी ह्याच आठवड्यात त्याच्या घरी जावे, प्रार्थनेपूर्वी त्याचे ऐकून घ्यावे, व पायलीभर ज्वारी बरोबर न्यावी. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी पौल गलतीकरांस लिहितो, ते ह्याचसाठी. प्रभू आपणां सर्वांस त्या दारापर्यंत नेवो. आमेन.