आठांतलं एक शहर

2024च्या 14 मेला मी रावेरहून बऱ्हाणपूरच्या बसमध्ये बसलो. आदल्या दिवशी रावेर लोकसभेचं मतदान झालं होतं. शनवाऱ्याला उतरलो, रसवंतीवर थांबलो, तेव्हा ग्लास पुढे करणाऱ्या पोऱ्याच्या बोटावरही माझ्यासारखीच ताजी काळी रेघ. 2019मध्ये आमच्याकडे 23 एप्रिलला मतदान उरकलं होतं आणि बऱ्हाणपूरकरांची पाळी यायला 19 मे उजाडला होता. या वेळी मात्र दोन राज्यांतल्या शेजाऱ्यांनी एकाच उन्हात रांगा लावल्या. रावेर आणि बऱ्हाणपूर यांच्यात अंतर ते किती! केळीचे व्यापारी तेच, लग्नसंबंध तेच, मावा जिलबी खायला जायचं तर इकडून तिकडेच. पण आमची रेघ रावेर नावाच्या मतदारसंघाची होती, त्याची खंडवा नावाच्या.

बऱ्हाणपूर हे नाव लोकसभेच्या मतदारसंघाला कधी मिळालंच नाही. फारुकींची राजधानी, मोगलांच्या दख्खन सुभ्याचं ठाणं, मुमताजमहलने 1631मध्ये जिथे शेवटचा श्वास घेतला ते गाव. पण निवडणूक आयोगाच्या दप्तरात ते आधी निमाडातलं एक ठिकाण होतं आणि नंतर खंडव्यातलं. 1952मध्ये निमाडातून काँग्रेसचे बाबूलाल तिवारी दिल्लीला गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, म्हणजे बऱ्हाणपूरचा आमदारही नागपूरलाच जायचा. 1 नोव्हेंबर 1956ला नागपूर मुंबई राज्यात आलं, बऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि त्याची वाट भोपाळकडे वळली. तापीचं पाणी मात्र पूर्वीसारखंच खानदेशात उतरत राहिलं.

नाव नाही म्हणून माणूसही मिळाला नाही, अशी तक्रार कोणी केली तर ती टिकणार नाही. यादीच पाहा. 1977च्या लाटेत निवडून आलेले परमानंद गोविंदजीवाला बऱ्हाणपूरचे. त्यांची जागा रिकामी झाल्यावर 1979च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षाने उभे केले ते कुशाभाऊ ठाकरे. धारला जन्मलेला, घरात मराठी बोलणारा हा संघटनेतला माणूस. पुढे भारतीय जनता पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष झालेल्या या माणसाला लोकसभेचं दार उघडलं ते याच मतदारसंघाने, आणि तेही काही महिन्यांपुरतं. 1980मध्ये काँग्रेसचे ठाकूर शिवकुमार सिंह आले, 1991मध्ये त्यांचेच भाऊ महेंद्रकुमार सिंह. ही नवलसिंह घराण्याची मंडळी. बऱ्हाणपूरच्या सहकारी साखर कारखान्याला नवलसिंहांचं नाव आहे, हे सांगितलं की मराठी वाचकाला बाकीचं समजावावं लागत नाही. ऊस, गाळप, सभासद, मग तिकीट: प्रवरा-वारणेकडची ही चाल सातपुड्याच्या पायथ्यालाही चालते.

1996पासून काळ भाजपच्या नंदकुमार सिंह चौहान यांचा. शाहपूरच्या नगरपालिकेतून वर आलेले नंदूभैया सहा वेळा खासदार झाले. मध्ये 2009 साली काँग्रेसच्या अरुण यादवांनी त्यांना हरवलं, पुढच्या खेपेला नंदूभैयांनी अडीच लाखांवर मतांनी उसनं फेडलं. मार्च 2021मध्ये ते गेले. त्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत पुन्हा बऱ्हाणपूरकडचेच ज्ञानेश्वर पाटील निवडून आले, आणि 2024मध्येही तेच. म्हणजे गेली तीस वर्षं, मधली पाच वगळता, खासदार तापीकाठचाच.

मग अडतं कुठे? मला वाटतं, खासदार कोणत्या गावचा यापेक्षा त्याची मतं कुठे मोजली जातात, हे महत्त्वाचं. या मतदारसंघात विधानसभेच्या आठ जागा येतात: बागली, मांधाता, खंडवा, पंधाना, नेपानगर, बऱ्हाणपूर, भीकनगाव, बडवाह. जिल्हे चार. बागली देवास जिल्ह्यातलं, नर्मदेच्या पलीकडचं. आठांपैकी चार जागा आदिवासींसाठी राखीव, एक अनुसूचित जातींसाठी, आणि लोकसभेची जागा मात्र खुली. याच खंडवा जिल्ह्यातलं हरसूद 2004मध्ये इंदिरा सागर धरणाखाली बुडालं. त्याच्या नावाची विधानसभेची जागा आज बैतूल मतदारसंघात मोजली जाते. गाव पाण्यात गेलं आणि नाव परक्या बेरजेत. (नेपानगरची गोष्ट वेगळीच. 1956मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलेल्या तिथल्या गिरणीच्या कागदावर देशाने अनेक वर्षं निवडणुकांचे निकाल वाचले. त्यात नेपानगरचा निकाल एका ओळीचा.)

बऱ्हाणपूर स्वतः काय बोलतं हे ऐकायचं असेल तर लोकसभेचे आकडे बाजूला ठेवावे लागतात. 2003 घ्या. उमा भारतींच्या लाटेत भाजपने 230पैकी 173 जागा जिंकल्या, आणि बऱ्हाणपूरने निवडलं राष्ट्रवादीच्या घड्याळाला! हमीद काझी आमदार झाले. शरद पवारांचा पक्ष भोपाळच्या विधानसभेत पोचला तो आमच्या शेजारच्या गावातून. 2018मध्ये मंत्री असलेल्या भाजपच्या अर्चना चिटणीस पाच हजारांच्या थोड्या वर मतांनी पडल्या आणि निवडून आले अपक्ष सुरेंद्रसिंह 'शेरा', पुन्हा त्याच नवलसिंह घराण्यातले. कमलनाथांचं काठावरचं सरकार टिकवायला अशा अपक्षांची मनधरणी करावी लागे. 2023मध्ये चिटणीस परत आल्या. त्या वेळी शेरा काँग्रेसकडून होते, नंदूभैयांचे चिरंजीव हर्षवर्धन बंड करून अपक्ष, आणि शिवाय ओवेसींचा पक्ष मैदानात. चौघांनी मतं फोडली.

पण सगळ्यांत बोलका आकडा 2022च्या महापौर निवडणुकीचा आहे. भाजपच्या माधुरी पटेल 542 मतांनी जिंकल्या. ओवेसींच्या पक्षाच्या उमेदवाराला दहा हजारांवर मतं पडली. 542 म्हणजे एखाद्या मतदान केंद्रावर येणाऱ्या मतदारांइतकी माणसं! लोहारमंडीतला एक सायझिंगवाला, दोन-तीन गल्ल्या, एखादं मोठं कुटुंब रुसलं तरी निकाल फिरला असता. यंत्रमागांच्या या शहरात यंत्रमागवाल्याचं मत शब्दशः मोलाचं आहे. सुताचा भाव, विजेचं बिल, मालेगाव-भिवंडीच्या मालाशी स्पर्धा हे त्याचे विषय वॉर्डात ऐकले जातात. लोकसभेला तोच माणूस त्याच केंद्रात त्याच रांगेत उभा राहतो, पण त्याचं मत वीस लाखांहून मोठ्या यादीतल्या बेरजेत पडतं. तिथे अलीकडच्या सार्वत्रिक निवडणुकांत विजय अडीच-पावणेतीन लाखांचा. तेवढ्या फरकात बऱ्हाणपूर शहर रुसलं काय नि हसलं काय.

केळीचं उदाहरण याहून बोचरं आहे. मे-जूनचं वादळ येतं ते सीमा विचारून येत नाही. एका रात्रीत आमच्या ऐनपूर-निंबोल भागातली बाग आडवी होते, तशीच शाहपूरकडची. आमच्याकडचा शेतकरी हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या पावत्या शोधतो. ट्रिगर, म्हणजे भरपाईसाठी ठरलेली हवामानाची मर्यादा, लागला की नाही, यावर भांडतो, कंपनीला शिव्या घालतो. पलीकडचा शेतकरी पटवाऱ्याची वाट पाहतो, कारण केळीला विमा द्या ही त्याची मागणी वर्षानुवर्षं मागणीच राहिली. त्याच्या वाट्याला महसूल खात्याच्या 6-4च्या परिपत्रकातली मदत. खोड तेच, वाण तोच, बागा काही कोसांवरच्या. फरक इतकाच, की रावेर मतदारसंघात केळी हा मधला विषय आहे. त्यावर न बोलता कोणत्याही पक्षाचा उमेदवार यावल-रावेर-मुक्ताईनगरात मान वर करू शकत नाही. खंडवा मतदारसंघात केळी दोन कोपऱ्यांतली: बऱ्हाणपूर आणि नेपानगर. बडवाहला कापूस, मांधात्याला ओंकारेश्वर आणि धरणग्रस्त, बागलीला जंगल. खासदार स्वतः केळीच्या मुलखातला असला तरी त्याची बेरीज केळीवर होत नाही, आणि राजकारणी माणूस शेवटी बेरजेच्या मागे जातो. यात त्याची लबाडी शोधण्यात अर्थ नाही.

बऱ्हाणपूरच्या मित्राला मी हे बोललो, तर तो म्हणाला, तुमची केळी मधोमध असून तुम्ही तरी कुठे सुखी आहात? विम्याचे पैसे वेळेवर मिळतात का? मी गप्प बसलो. त्याचं खरं होतं. पण भांडायला पावती तरी असते, हे माझंही खोटं नव्हतं.

4 जूनला मी घरी टीव्हीसमोर होतो. रावेरला रक्षा खडसे 2,72,183 मतांनी निवडून आल्या. खंडव्याला ज्ञानेश्वर पाटील 2,69,971 मतांनी. दोन्हीकडे पक्ष एकच, भाजप, फरकही जवळपास तेवढाच. संध्याकाळी पश्चिमेकडून काळं भरून यायला लागलं, तशी मी टीव्ही बंद केला आणि बागेच्या टेकूंच्या दोऱ्या तपासायला निघालो. मित्राला फोन लावला, तर तोही बागेतच होता.