सामायिकाच्या पिशवीतला फास्टर फेणे

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. व्याख्यान संपलं, आम्ही बायका आसनं गुंडाळत होतो आणि माझी सामायिकाची पिशवी कलंडली. मुहपत्ती, माळ, चष्म्याची डबी, आणि त्यांच्या मागोमाग बाहेर आला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. पुस्तक पालथं पडलं असतं तर निभावलं असतं.

शेजारच्या वडीलधाऱ्या बेननी ते उचललं. "हे कोणाचं? नातवाचं?"

मला अजून नातू नाही. "माझंच," म्हटलं. येता-जाता रिक्षात वाचते मी.

"अगं, चोपन्न वर्षांची तू! या वयात हे?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येईपर्यंत माझं हसू विरलं. हा पोरकटपणा असेल तर लोक हसतील आणि विसरतील. पण हा प्रमाद असेल तर? मग त्याचा हिशेब माझा मलाच द्यायचा आहे.

माझं माहेर नगरचं. घरात गुजराती आणि शाळेत मराठी, असं आमचं दोन चुलींवरचं बालपण. बालभारतीनं 1971 साली सुरू केलेलं 'किशोर' शाळेत यायचं, ते आम्ही पानं सुटेपर्यंत वाचायचो. फुरसुंगीचा बनेश फेणे मला तेव्हाच भेटला. पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा किडकिडीत पोरगा, पण कुठे काही काळंबेरं दिसलं की ह्याचे पाय थांबत नाहीत. पुढे बी.ए.ला मोठमोठ्या कादंबऱ्या अभ्यासल्या, परीक्षेपुरत्या आवडल्याही. फेणे मात्र लग्नाच्या ट्रंकेतून सुरतेला आला.

भागवतांचा जन्म 1910 चा. साठी उलटल्यावरही ते फेणे लिहीत होते. लिहिणारा साठीचा चालतो आणि वाचणारी चोपन्नची चालत नाही, हे मला कोडंच आहे.

मी हे का वाचते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बालपणात परत जायला म्हणाल तर नाही. माझं बालपण काही इतकं गोड नव्हतं. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत माणसं घडून झालेली असतात आणि त्यांचं काय बिघडलं ते आपण पाहत बसतो. कुमारांच्या गोष्टीत पोर अजून ठरवत असतं. खरं बोलू की गप्प बसू, मित्राला सोडून पळू की थांबू. बावीसाव्या वर्षी माझं लग्न झालं, आणि त्यानंतर मी काय ठरवलं असेल तर लोणच्याला कैरी किती आणायची! तक्रार करत नाही, घर चांगलं मिळालं. पण माझं घडणं संपलं, असं मला कुणी विचारून ठरवलं नाही. आपल्यात सांगतात ना, जीव तोच, बदलतो तो पर्याय. वयसुद्धा पर्यायच की.

आता विकथेचं. शास्त्रात चार विकथा सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा, राजकथा. (आमच्या किटी पार्टीत चारही एका बैठकीत उरकतात, तिथे कुणी कुणाला वय विचारत नाही.) फेणे यातल्या कशात बसतो, हे मी प्रामाणिकपणे शोधलं. सापडलं नाही. पण म्हणून मी सुटले असंही नाही. शेवटची दहा पानं राहिली म्हणून एकदा माझं संध्याकाळचं प्रतिक्रमण चुकलं आहे. रस होता, रसाचं बंधनही होतं. ते नाकारत नाही.

याहून मोठी बाब बांची, माझ्या सासूबाईंची.

लग्न होऊन आले तेव्हा मला गुजराती बोलता येई, वाचता येत नसे. बांनी कपाटातून बकोर पटेल काढला आणि त्यावर मला अक्षरं शिकवली. हरिप्रसाद व्यासांचा हा बोकड 1936 पासून आमच्या सुरतेतल्याच 'गांडीव' पाक्षिकात येऊ लागला. बा लहानपणी त्या अंकाची वाट पाहत बसायच्या. बकोर पटेल, त्यांच्या शकरी पटलाणी, आणि स्नेही कोण, तर वाघजीभाई वकील! बोकडाच्या घरी वाघ पाहुणा येतो आणि कुणी कुणाला खात नाही. बा म्हणायच्या, "हे तर समवसरणच झालं."

त्र्याऐंशीव्या वर्षी बा अंथरुणाला खिळल्या. दिवसा महासतीजी येऊन मांगलिक सांगून जात. रात्री बांना झोप नसे, तेव्हा त्या बकोर पटेल वाचायला लावत. एका रात्री फोईबांनी ते पाहिलं. "शेवटच्या वेळी कानात नवकार पडायचा की बोकडाच्या गोष्टी? तिची गती बिघडवशील तू."

फोईबा चुकीचं बोलत नव्हत्या. शेवटच्या घडीचे भाव कसे असावेत याबद्दल आपला धर्म फार जपून बोलतो. मी पुस्तक मिटलं. दोन रात्री स्तवनं वाचली. बा हात जोडून ऐकत राहिल्या, डोळे मात्र छताला. तिसऱ्या रात्री हळूच म्हणाल्या, "पेलुं बकोरवाळुं वांच ने, बेटा." मी दार लोटलं आणि वाचलं. बा हसल्या. पहाटे आपणहून नवकार म्हणाल्या, आवाज स्वच्छ होता.

चार दिवसांनी बा गेल्या. सकाळ होती, घरात नवकार चालू होता, त्यामुळे फोईबांचं समाधान झालं. माझं झालं नाही. त्या रात्री मी बांचा वेळ घालवला की त्यांच्या मनाची गाठ सैल केली? बांना विचारता येत नाही, आणि महासतीजींना विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

तेव्हापासून भगवती सूत्रातला अतिमुक्त माझ्या मनात घर करून आहे. पोरवयात दीक्षा घेतलेला मुनी. पाऊस पडून गेलेला, पाणी वाहत होतं. त्यानं मातीची पाळ घालून ते अडवलं, त्यात आपलं पात्र सोडलं आणि माझी नाव तरते आहे म्हणून खेळत बसला. स्थविर मुनींनी पाहिलं. त्यांनी भगवानांना विचारलं, हा तुमचा शिष्य किती भवांनी मोक्षाला जाईल? भगवान म्हणाले, याच भवात. आणि त्याची हेटाळणी करू नका, न कंटाळता त्याला सांभाळा. व्याख्यानात आपण बहुतेक त्याच्या पश्चात्तापाची गोष्ट ऐकतो. पाण्यातल्या जीवांची विराधना झाली, ते खरंच आहे. पण त्या प्रसंगात भगवानांनी समज दिली ती मोठ्यांना. हे कुणी सांगायला थांबत नाही, म्हणून मी इथे थांबले.

परवा त्याच बेन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते तुझं पुस्तक दे गं जरा, नातवाला दाखवते." दिलं. तीन आठवडे झाले, परत आलेलं नाही. त्यांचा नातू कॅनडात असतो.