विकल जीवाविषयी दयेचा निर्णय

अहिंसा हा आचारधर्माचा पाया होय. क्षुद्र मानल्या गेलेल्या मुंगीलाही आपल्यामुळे दुःख होऊ नये, इतक्या सूक्ष्मतेने सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी हा धर्म शिकविला. धडधाकट जीवाला मारू नये हे कळणे अवघड नाही. परंतु मरणाच्या दारी तडफडणारा जीव समोर आला म्हणजे दया कशास म्हणावे, याविषयी भलेभले गोंधळतात. म्हणून या विषयाचा विचार करणे अगत्याचे आहे.

शंका अशी : समजा, एका वासनिकाच्या अंगणात शेजाऱ्याची कोंबडी येऊन पडली. कुत्र्याने तिची पाठ फाडली आहे, पंख मोडला आहे, पिसे रक्ताने माखली आहेत. एक जण म्हणतो, ‘‘भाऊ, ही काही वाचत नाही. मान मुरगाळा, म्हणजे सुटेल बिचारी.’’ दुसरा म्हणतो, ‘‘तिचे कर्म तिला भोगू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.’’ वासनिकाने कोणाचे ऐकावे?

प्रथम दुसऱ्याचे मत पाहू. जीव आपल्या कर्माचे फळ भोगतो, हे खरे. परंतु कोणत्या जीवाचे कोणते कर्म किती उरले, हे अल्पज्ञ मनुष्य जाणत नाही. लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे आठवावी. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या आश्रयास आला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी दिला नाही. सशाच्या मागे लागलेली कुत्री हेही त्याचे कर्मफळच नव्हते काय? तरीही सर्वज्ञांनी त्याचे रक्षण केले. मग अज्ञ मनुष्याने कर्माचे नाव पुढे करून दाराशी आलेल्या जीवाकडे पाठ फिरवणे, याला तत्त्वज्ञान म्हणता येत नाही. ती उदासीनता होय.

आता पहिल्याचे मत. ‘सुटेल’ हा शब्द लोक सहज उच्चारतात. पण देह पडणे म्हणजे सुटणे नव्हे. जीव अनादि अविद्येने बद्ध आहे. त्याची सुटका परमेश्वराधीन आहे. मान मुरगाळणाऱ्याच्या हाती ते सामर्थ्य नाही. त्याच्या हातून फार तर या देहातील वेदना थांबते. वेदना थांबणे ही लहान गोष्ट नव्हे; परंतु तिला मुक्तीचे नाव देऊन हिंसेचे पुण्य करू नये.

येथे आणखी एक गोष्ट तपासावी. बैलाचा पाय मोडला तर शेतकरी रात्रभर उशाशी बसतो, डॉक्टर आणतो, कर्ज काढतो. त्या वेळी ‘सोडवा याला’ असे कोणी चटकन म्हणत नाही. कोंबडीच्या बाबतीत मात्र दया क्षणात उपजते, आणि पुष्कळदा ती दया चुलीपर्यंत जाऊन थांबते. देहाची किंमत जितकी कमी, तितकी मारण्याची घाई अधिक! जीवपदार्थात असा भेद नाही. बैलाच्या देहात असलेला आणि कोंबडीच्या देहात असलेला जीव हा जीवच होय. म्हणून दया मनात आली असता साधकाने विचारावे : हे दुःख कोणाला असह्य झाले आहे, त्या पक्ष्याला की पाहणाऱ्याला?

हा विचार केला म्हणजे पहिले कर्तव्य आपोआप ठरते. ते शुश्रूषेचे. कोंबडीची जखम दिसते त्याहून पुष्कळदा उथळ असते. कातडी फाटून मांस उघडे पडले तरी हा पक्षी बरा होऊ शकतो. तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे, कारण रक्त पाहून त्या टोचतात. टोपलीत अथवा खोक्यात उबदार, शांत व अंधाऱ्या जागी ठेवावे. भय आणि गारठा यांनीही घायाळ पक्षी दगावतो. वाहते रक्त स्वच्छ फडक्याने दाबून थांबवावे. उकळून थंड केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सुमारे 5 ग्रॅम मीठ घालून जखम धुवावी. माश्या बसू देऊ नयेत. उन्हाळ्यात एका दिवसातही अळ्या पडतात. पाणी जवळ ठेवावे, चोचीत ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. आणि पशुवैद्यकाला दाखवावे.

तरीही काही प्रसंगी उपाय राहत नाही. पोट फाटून आतडी बाहेर आलेली, कणा मोडून पाय निर्जीव झालेले, श्वास घरघरत असलेला, आणि पशुवैद्यक आशा नाही असे सांगतो. येथे प्रश्न खरोखर कठीण होतो. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला महात्मा गांधींनी डॉक्टरकडून सुई देवविली, तेव्हा अहिंसा मानणाऱ्या अनेकांनी तीव्र आक्षेप घेतला. गांधींचे म्हणणे असे की, यात वासराच्या हितावाचून दुसरा हेतू नव्हता, म्हणून ही हिंसा नव्हे. त्यांनी आधी उपचार केले, वैद्यकाचे मत घेतले, स्वार्थ ठेवला नाही, आणि केले ते लपविले नाही. त्यांचा निष्कर्ष ज्यांना मान्य नाही, त्यांनीही हा क्रम लक्षात घ्यावा. चटकन मान मुरगाळणाऱ्यापाशी यांपैकी काय असते?

निर्णय असा. संन्यस्त साधकाने जीव घेऊ नये, घ्यावयास सांगू नये, घेतल्यास अनुमोदन देऊ नये. त्याने त्या जीवाला निवाऱ्यास ठेवावे, उपचार जाणणाऱ्याच्या हाती सोपवावे आणि नामस्मरण करीत जवळ बसावे. वासनिकाने उपचारात कसूर करू नये. वाचण्याची आशा नसेल तर निदान वेदना शमविणारे औषध पशुवैद्यकाकडून मागावे आणि शेवटच्या श्वासापर्यंत सेवा करावी. कोंबडीच्या मालकाने पशुवैद्यकाच्या हातून तिचा अंत करविला, तर त्यास निर्दय म्हणून हिणवू नये. त्याच्या मनातले परमेश्वर जाणतो. परंतु वासनिकाने स्वतः तसे करविले, तर त्यास पुण्य मानू नये. दोष मान्य करून गुरूंपाशी निवेदन करावे. अर्धमेल्या जीवाला उकिरड्यावर टाकणे अथवा दोन पैशांसाठी खाटकास देणे, हे मात्र कोणालाही क्षम्य नाही.

कित्येकदा सेवा करूनही जीव जातो. म्हणून ती सेवा व्यर्थ गेली असे समजू नये. कोणाला वाचविणे मनुष्याच्या हाती नाही. दाराशी आलेल्यास आसरा देणे मात्र त्याच्या हाती आहे. त्या एका रात्री टोपलीजवळ बसून, माश्या वारून, पाण्याची वाटी पुढे सारून वासनिकाने स्वामींच्या आज्ञेचे पालन केलेले असते.

दंडवत प्रणाम.