मान्ना थांबला, देव थांबला नाहीं
(यहोशवा, अध्याय ३ ते ५)



गेल्या सुगींत एका खेड्यांतील उपासना आटोपून आम्ही निघालों असतां एका वृद्ध बहिणीनें आम्हांस थांबवून विचारिलें, "पाळकसाहेब, आमच्या सासऱ्यांच्या काळीं मिशन होतें. शाळा होती, मास्तर होते. पावसानें दगा दिला तर दाणागोटा मिळे. आतां महिना महिना पाळकाचें तोंड दिसत नाहीं. आमचा वाली कोण?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन आम्ही यहोशवाचें पुस्तक उघडलें, आणि जें सांपडलें तें येथें मांडीत आहों.

इस्राएल लोक यार्देनेच्या तीरीं उभे होते. मोशे मरण पावला होता. पुढारी नवा, वाट नवी, आणि कापणीच्या दिवसांत नदी दुथडी भरलेली. कराराचा कोश पुढें जाईल, त्यावर नजर ठेवून मागून चला, एवढीच त्यांस आज्ञा झाली. याजकांचे पाय पाण्यास लागले तेव्हां पाणी थांबलें, आधीं नव्हे. आणि सर्व लोक पार होईपर्यंत कोश नदीच्या मध्यभागींच राहिला. बंधूंनो, आमच्यापुढें तर स्वतः ख्रिस्त चालतो. मरणाच्या नदींत तो आमच्याआधीं उतरला आहे. मग दुसऱ्या कोणत्या पाण्यास आम्ही भ्यावें?

पलीकडे गिलगालास लोकांनीं वल्हांडण सण पाळिला, त्या देशाचें धान्य खाल्लें, आणि मग मान्ना बंद झाला. चाळीस वर्षें, शब्बाथ वगळून, रोज सकाळीं मिळणारी ती भाकर! एखादी माता त्या सकाळीं रिकामी टोपली घेऊन परतली असेल, आणि देवानें आपणांस टाकिलें असें तिला वाटलें असेल. परंतु देवानें दान बंद केलें नव्हतें, दानाची रीत बदलली होती. मान्ना नुसता वेंचावा लागे. शेत नांगरावें, पेरावें व राखावें लागतें.

आमच्या मंडळ्यांचेंही असेंच झालें आहे. इ. स. १८३१ मध्यें अहमदनगरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनचें काम सुरू झालें. पुढें ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. बालकांस बाप्तिस्मा देणारे व विश्वास पत्करल्यावरच तो देणारे एका मेजाशीं बसले. पाटी बदलली, कारभार बदलला. मेजाचा धनी बदलला नाहीं.

मिशनच्या काळास आम्ही कमी लेखीत नाहीं. मान्नाही देवाचाच होता. पण लोकांनीं तो सकाळपर्यंत सांठवून ठेविला, तेव्हां त्यांत किडे पडले. कालच्या आठवणीवरच जगूं पाहणाऱ्या मंडळीची गत याहून निराळी होत नाहीं.

तर उपदेशक बंधूंनो, पाळक आला नाहीं तरी रविवारीं घंटा वाजूं द्या. ज्यास वाचतां येतें त्यानें वचन वाचावें. ज्यास येत नाहीं त्यानें प्रार्थना चालवावी. भगिनींनो, दळण काढतांना मूठभर धान्य प्रभूसाठीं निराळें ठेवा. मंडळीच्या जागेवरून भावाभावांत तंटा असेल तर प्रभुभोजनाला बसण्यापूर्वीं तो मिटवा. हीच आमची नांगरणी, हीच पेरणी. आणि आम्हां पाळकांसही सांगणें आहे कीं, वाट लांब म्हणून लहान मंडळीस विसरूं नये. त्या बहिणीच्या प्रश्नांत आमच्या माथीं दोष होता, व तो आम्ही पत्करितों.

त्या बहिणीस आमचें उत्तर हें: आजी, टोपली रिकामी दिसली म्हणून भिऊं नका, शेताकडे चला. मोशेचा जो वाली होता, यहोशवाचा जो होता, तोच तुमचा आहे. त्याला बदली नाहीं, निवृत्ति नाहीं, आणि तो आपल्या लोकांस अर्ध्या नदींत सोडीत नाहीं.

त्याची कृपा आपणां सर्वांवर असो. आमेन.