कृपा ही उचल नव्हे

दसरा झाला म्हणजे आमच्या भागातील मंडळ्यांची उपासनामंदिरे निम्मी रिकामी होतात. बीड व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते, तिला उचल म्हणतात. ही उचल पुढे टनावारी मजुरीतून फेडावयाची. एखादे दिवशी कामावर जाणे झाले नाही तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. हंगामाच्या अखेरीस उचल फिटली नाही, तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. हे सर्व आमच्या पुष्कळ वाचकांस आम्हांपेक्षा अधिक ठाऊक आहे. तरी पुढील गोष्टीस त्याची गरज आहे म्हणून येथे लिहिले.

टोळ्या निघण्यापूर्वीच्या शेवटल्या रविवारी उपासना आटोपल्यावर एक बाई मागे राहिली. जवळ तिचा सात-आठ वर्षांचा मुलगा होता. तिने पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढून मेजावर ठेवले व म्हटले, "पाळकसाहेब, हे माझ्या नावावर लिहून घ्या. बाकीचं येताना देईन." ती वर्गणीविषयी बोलत आहे असे समजून आम्ही म्हणालो, "बाई, तुमची वर्गणी तर आली आहे." ती म्हणाली, "वर्गणीचं नाही साहेब. खाड्याचं."

मग तिने सांगितले ते असे. मागल्या हंगामात तिला उपासनेस एकही रविवार मिळाला नाही. कोपीत प्रार्थनाही धड होत नसे. पहाटे फडात जावयाचे, आणि गाडी आली म्हणजे रात्रीही मोळ्या वाहावयाच्या. फेब्रुवारीत मुलगा तापाने फणफणला. ताप उतरला, परंतु त्याचा डावा कान गेला. "तोवर सोळा रविवार बुडाले होते. मी मोजलेत. देवानं कापून घेतलं. आता पुन्हा निघालोय, तर आधीच थोडं भरून ठेवते."

आम्ही तिला जे उत्तर दिले ते सेमिनरीत शिकलेले होते. पौलाने इफिस येथील मंडळीस काय लिहिले, तारण कृपेने व विश्वासाच्या द्वारे कसे आहे, ते कर्मांचे फळ नव्हे, हे सर्व आम्ही क्रमाने सांगितले. तिने डोक्यावरचा पदर सावरून आदराने ऐकले, "होय साहेब" म्हटले, आणि नोटा आमच्याकडे किंचित पुढे सरकवल्या.

तेव्हा आम्हांस आठवले की, आदल्या वर्षी ह्याच व्यासपीठावरून आम्ही हंगामास जाणाऱ्यांस बजावले होते की, जो प्रभूचा दिवस मोडतो त्याच्या कमाईस बरकत येत नाही. हजेरीची वही आमच्याच हातची. गैरहजर असणाऱ्यांपुढे आम्ही शून्य घालतो, व वार्षिक सभेत ती शून्ये मोठ्याने वाचून दाखवतो. देव मुकादमासारखा वही घेऊन बसला आहे, हे ती बाई अर्धे फडात शिकली असेल. उरलेले अर्धे तिने कोणाकडून ऐकले ते सांगावयास नको.

ही चूक सहज होण्याजोगी आहे. उचल व कृपा ह्या दोन्ही कामाच्या आधी मिळतात. आम्ही काही केले नव्हते तेव्हाच देवाने आम्हांवर प्रीती केली, असे आम्ही गातो. आणि मनात मात्र म्हणतो की, एवढी मोठी रक्कम आधी दिली, ती आता जन्मभर फेडली पाहिजे. प्रार्थना म्हणजे एक हप्ता, दान म्हणजे दुसरा. दोहोंतील भेद देण्याच्या वेळेत नाही, देणाऱ्याच्या हेतूत आहे. मुकादम उचल देतो ती पुढले सहा महिने तो माणूस आपल्या हाती राहावा म्हणून. त्याच्या देण्यास दोरी बांधलेली असते. देवपिता देतो तो लेकरांस मोकळे करण्यासाठी, आणि जे मोकळे करण्यासाठी दिले ते फेडून घेण्याची भाषा त्यास शोभत नाही.

ज्यांस विद्या नाही तेच असे चुकतात, असे कोणी समजू नये. पंडिता रमाबाईंएवढी शास्त्रज्ञ स्त्री आमच्या देशात विरळा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तरीसुद्धा, आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमजण्यास आठ वर्षे लागली, असे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत स्वतः मान्य केले आहे. त्यांस जागे करणाऱ्या पुस्तकांत हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त होते. हा गृहस्थ कित्येक वर्षे सेवा केल्यानंतर, स्वतःच उपदेश करीत असता, पालटला! (आम्हां पाळकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

येथे आमचे पंच नेहमी एक हरकत घेतात: फेडावयाचे नाही असे सांगितले, तर काम कोण करील? हरकत खोटी नाही. आळसाला कृपेचे नाव देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. परंतु रमाबाईंकडे पाहा. कृपा फुकट आहे असे उमजल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो मुली व विधवा आणिल्या, केडगावी त्यांस आसरा दिला, आणि इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत राहिल्या. ते काम त्यांनी १९२२ साली प्रभूकडे जाण्यापूर्वी पुरे केले. कर्ज फेडणारा मनुष्य फिटेपर्यंतच राबतो, व फिटले की कोयता टाकतो. रमाबाईंचे काम तसे थांबले नाही.

दुसरे असे की, उचल सहा महिन्यांची एकदम मिळते, कृपा तशी मिळत नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातील मान्न्याची गोष्ट आहे. मापून पाहिले तेव्हा ज्याने पुष्कळ गोळा केले त्यास अधिक झाले नाही, ज्याने थोडे केले त्यास कमी पडले नाही. आणि उद्याकरिता ठेवले त्यात किडे पडले. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट मिळे. ज्या लोकांनी मिसरात मुकादमांच्या हाताखाली विटा मोजून दिल्या, त्यांस देवाने पहिला धडा दिला तो हा: येथे साठा नाही, बाकीही नाही, रोज सकाळी उठावे व त्या दिवसापुरते वेचावे. ती बाई पाचशे रुपये आधी भरून ठेवू पाहत होती, ते ह्या मान्न्याच्या रीतीत कोठेच बसत नाही.

परंतु पुस्तकातील मान्न्याने तिचे समाधान कसे व्हावे? म्हणून आम्ही विचारले, "बाई, ताप होता तेव्हा तुमच्याजवळ कोण होते?" ती म्हणाली, "पलीकडच्या कोपीतली एक बाई. आपल्यातली नव्हे. तिचं गाव परभणीकडचं. रात्रभर पाण्याच्या पट्ट्या ठेवीत बसली. तिच्या मालकानं तीन दिवस आमच्या वाट्याचा ऊस तोडला आणि आमच्या नावावर लावला, म्हणून खाडा पडला नाही. त्यांचंही देणं आहे साहेब. पैसे द्यायला गेले, तर ती घेईना."

आम्ही काही वेळ बोललो नाही. मग म्हणालो, "मुकादमाच्या वहीत तुमचे तीन दिवस भरले, ते त्या बाईने भरले. ती घेईना. आणि देव तिच्यापेक्षा कमी आहे काय, की त्याने सोळा रविवार मोजून लेकराचा कान घ्यावा?" प्रभूने आपल्या शिष्यांस असाच प्रश्न विचारला होता: मनुष्ये वाईट असून लेकरांस चांगले देतात, तर स्वर्गातील पिता किती अधिक देईल.

ह्यावर ती म्हणाली, "मग कान का गेला?"

आम्ही तिला सांगितले की, ते आम्हांस ठाऊक नाही. ईयोबाच्या मित्रांस ठाऊक होते, आणि देवाने त्यांस दोष दिला. कान रविवारांच्या बदली गेला नाही, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगू शकतो. जो पिता वधस्तंभावर स्वतःच्या पुत्राचे दुःख पाहता झाला, तो दुसऱ्या कोणाच्या पुत्राचे अंग कापून हिशेब चुकता करीत नाही.

एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या लिहिण्याचा कोणी भलताच उपयोग करील. देवाची कृपा फुकट आहे म्हणून मजुराची मजुरी फुकट नाही. ज्यांनी शेत कापले त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी सेनाधीश परमेश्वराच्या कानी ओरडत जाते, असे याकोबाच्या पत्रात आहे. मुकादमाचे वजन व मुकादमाची वही तपासून घेणे हे मजुराचे काम आहे, व त्यास त्यात साह्य करणे हे मंडळीचे. हिशेब कोठे काटेकोर हवा व कोठे मुळीच नको, ह्याची आम्ही पुष्कळदा अदलाबदल करतो: कारखान्याच्या काट्यावर मुकाट राहतो, आणि देवाच्या घरी काटा लावतो.

असो. त्या दिवशी आम्ही हजेरीची वही मेजावरून उचलून कपाटात ठेविली. बाईस म्हणालो, "हे पैसे खाड्याचे म्हणून आम्ही लिहिणार नाही. उपकारस्तुतीचे म्हणून द्यावयाचे असतील तर लिहू." तिने नोटांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. "मग आत्ता नको," ती म्हणाली. "येताना देईन. वाटलं तर." नोटा तिने पुन्हा पदराच्या गाठीत बांधल्या. मुलगा दाराशी उंबऱ्यावर खेळत होता. ती त्याच्या उजव्या बाजूस गेली व तिने त्यास हाक मारली.