आयुष्यभर एकच स्वयंपाक?



तरुण मंडळी सहलीला निघाली की बसमध्ये एक खेळ रंगतो. ‘उरलेले सगळे आयुष्य जगातल्या एकाच प्रकारचे जेवण जेवायचे असेल, तर कोणते निवडाल?’ कोणी चायनीज म्हणतो, कोणी पंजाबी, कोणी इटालियन. एखादी मुलगी म्हणते, ‘मला आपल्या घरचेच चालेल’, आणि सगळे तिला हसतात. खेळ म्हणून प्रश्न मजेचा आहे. पण त्याच्यापाशी थोडे थांबले, तर त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. माणूस आपली आवड निवडतो, तेव्हा त्या निवडीची किंमत कोण देतो?

आधी ‘एकच प्रकारचे जेवण’ म्हणजे काय ते पाहू. ‘आपल्या घरचे’ असे आपण वसईकर म्हणतो, त्यातले किती आपले आहे? मिरची अमेरिका खंडातून आली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणली. त्याआधी इथल्या जेवणात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरत. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे शब्दही त्यांचेच. विंदालूच्या नावात पोर्तुगीज द्राक्षारस आणि लसूण आहेत. इकडे आल्यावर द्राक्षारसाची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली आणि पदार्थ इथलाच झाला. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. आज साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, हे चारही मुळात अमेरिकेतले. म्हणजे ज्याला आपण ‘एक’ म्हणतो, ते अनेक पाहुण्यांनी भरलेले घर आहे. ‘आमचेच खरे, इतरांचे हलके’ असे ताटावर बसून म्हणणाऱ्याने आधी आपल्या ताटाचा इतिहास वाचावा.

आता दुसरा प्रश्न. एकच जेवण आयुष्यभर गोड लागेल का? या प्रश्नाचे फार जुने उत्तर पवित्र शास्त्रात आहे. अरण्यात इस्राएल लोकांना रोज मान्ना मिळत होता. भूक भागत होती, पण जीभ कंटाळली. ‘गणना’ या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात ते रडतात आणि मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवतात. तिथे मासे फुकट मिळायचे, असेही म्हणतात. फुकट? मिसरात ते गुलाम होते. विटा थापून त्यांचे हात सोलवटले होते. जिभेला चव आठवली, पण त्या चवीसाठी मोजलेली किंमत ती सोयीने विसरली. कंटाळा येणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्यांची खरी चूक हिशेबात झाली.

कंटाळ्याबद्दल डेन्मार्कच्या कीर्केगार्ड या तत्त्वचिंतकाने १८४३ साली एक मार्मिक दाखला दिला. त्याच्या पुस्तकातले एक पात्र म्हणते की, कंटाळा घालवायला काही जण सतत शेतच बदलतात. खरा शहाणा तेच शेत ठेवतो आणि मशागतीची पद्धत बदलतो. ते पात्र काही आदर्श माणूस नाही, त्याला फक्त स्वतःच्या करमणुकीची चिंता आहे. पण दाखला आपल्या वाडीतल्या माणसाला लगेच पटेल. एकट्या तांदळाचेच पाहा. भात, पेज, भाकरी, घावन, पोहे, चुरमुरे, खीर. ज्या हातांना तांदूळ कळला, त्या हातांना एकाच धान्यात आठवडा काढता येतो, आणि जेवणाऱ्याला तो कळतही नाही. एकाशी बांधून घेणे म्हणजे गरिबी नव्हे. विवाहित जोडप्यांना हे मी वेगळे सांगायला नको.

पण इथेच आपल्याला थबकावे लागते. ‘ज्या हातांना’ असे मी म्हटले. ते हात कोणाचे?

बसमधल्या खेळात प्रश्नाचे उत्तर द्यायची मोकळीक असते. प्रत्यक्षात असंख्य माणसांना हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो, तरी त्याचे उत्तर त्यांना आयुष्यभर जगावे लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. तो मोठाच आधार आहे. पण दुकानात जे धान्य आले असेल ते पिशवीत पडते, आणि घरी तेच शिजते.

दुसरे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. समुद्राकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी लग्न होऊन वाडीतल्या घरी येते. वेदीसमोर दोघेही एकमेकांना सारखेच वचन देतात. पण स्वयंपाकघराचे आणखी एक वचन असते, ते कोणी मोठ्याने म्हणत नाही आणि ते एकटी तीच देते. दुसऱ्या दिवसापासून ती सासरचा मसाला शिकते, सासरचे आंबट-तिखटाचे प्रमाण शिकते, नवऱ्याला कोणता मासा चालत नाही ते शिकते. तिच्या आईच्या हातचे कालवण वर्षातून एकदा, माहेरी गेल्यावर. सासूनेही एके काळी हेच केलेले असते, म्हणून तिलाही त्यात काही विशेष वाटत नाही. पुढे मुले मोठी होतात आणि बसमध्ये सांगतात, ‘मला आपल्या घरचेच हवे.’ ते घरचे जेवण टिकावे म्हणून एका बाईने आपले माहेरचे जेवण सोडले, हे त्या मुलांच्या ध्यानीमनीही नसते.

कोणी म्हणेल, फादर, एवढ्या साध्या गोष्टीत कसला अन्याय? प्रेमाने केलेला त्याग आहे तो. खरे आहे, पुष्कळदा प्रेमच असते. पण त्याग हा देणाऱ्याने द्यायचा असतो. घेणाऱ्याने तो गृहीत धरला, की तो त्याग राहत नाही, ती वसुली होते.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात खादाडपणाविषयी लिहितात, तेव्हा पोप संत ग्रेगरी यांची जुनी शिकवण पुढे मांडतात. माणूस फार खातो तेवढ्यानेच खादाड ठरत नाही. वेळेआधी खाणे, हावरटपणे खाणे, भारी भारी पदार्थांचाच हट्ट धरणे, जेवणाच्या चोचल्यांत गुंतणे, हेही त्याचेच प्रकार. म्हणजे अर्धी पोळी खाणाराही खादाड असू शकतो. त्या अर्ध्या पोळीसाठी तो सगळ्या घराला नाचवत असेल, तर भूक लहान आणि जीभ मोठी असे त्याचे झाले. आवड असणे पाप नाही. चांगली चव ही देवाचीच देणगी आहे. पण माझी आवड हाच घराचा कायदा असावा, ही मागणी न्याय्य नाही.

‘मग फादर, तुम्ही काय निवडाल?’ आम्हा धर्मगुरूंचा प्रश्न बदलीच्या पत्रानेच सुटतो. एका धर्मग्रामात सुकी मासळी, दुसऱ्यात नाचणीची भाकरी. लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना पाठवताना सांगतो की, ज्या घरी तुमचे स्वागत होईल तिथे पुढे वाढलेले खा. पूर्वी मला ही केवळ सोयीची सूचना वाटे. आता वाटते की त्यात यजमानाचा मान आहे. त्याचे अन्न स्वीकारणे म्हणजे त्याचा स्वीकार करणे. म्हणून मला एकच निवडायचे झाले, तर वाढणाऱ्यालाही जे आवडते असे जेवण मी निवडीन.

आज मिस्सानंतर घरी गेल्यावर एक करा. घरात जी रोज स्वयंपाक करते, तिला विचारा, ‘तुला काय आवडते?’ ती बहुधा म्हणेल, ‘मला काय, काहीही चालते.’ त्या उत्तरावर थांबू नका. तिच्या माहेरी रविवारी काय शिजायचे ते विचारा. घरात म्हातारी आजी असेल, तर तिलाही विचारा. मग पुढच्या रविवारी तो पदार्थ करा. तिला करायला सांगू नका, तुम्ही करा. मीठ कमी-जास्त झाले तर ती सांगेल.

तुमचा,
फादर